पोट साफ होत नाही, हनुवटीवरचे मुरूम जात नाहीत. दोन्हीवर नैसर्गिक उपाय सुचवाल का?

पारिजात:
नमस्कार. वय २७, काम दिवसभर बसून. दोन वर्षांपासून दोन तक्रारी जोडीनेच चालल्या आहेत, म्हणून एकत्र लिहिते.

पोट दोन-तीन दिवसांतून एकदा साफ होतं, तेही जोर करून. जाऊन आल्यावरही काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. संध्याकाळपर्यंत पोट फुगून कमरेला कपडे काचतात. आणि हनुवटीवर, जबड्याच्या कडेला, थोडे कपाळावर मुरूम. एक बसतो न बसतो तोच दुसरा वर येतो. डाग तर राहतातच.

आत्तापर्यंत केलेलं: तीन महिने रोज रात्री डिटॉक्स चहा (पाकिटावर मुख्य घटक सोनामुखी लिहिलाय). सकाळी उपाशीपोटी कच्च्या पालकाचा गाळलेला रस, मोठा ग्लास भरून. चेहऱ्याला लिंबू. व्यायाम सुरू केल्यापासून व्हे प्रोटीन पावडर, आणि केस गळतात म्हणून बी१२ची मोठ्या मात्रेची गोळी. गेल्या आठवड्यापासून दूध, गहू, साखर तिन्ही बंद केलंय.

चहा घेतला की पोट साफ होतं, पण पहाटे मुरडा येतो, आणि एक दिवस चुकवला तर काहीच होत नाही. चेहऱ्यात फरक शून्य. लिंबाने गालाची कातडी सोलली ती वेगळीच.

सगळे म्हणतात मूळ पोटात आहे. पोट साफ तर रक्त साफ, रक्त साफ तर चेहरा साफ. मग पोट साफ होऊनही चेहरा तसाच का? डॉक्टरांची क्रीम वगैरे लावायची इच्छा नाही, आतून बरं व्हायचंय. कोणी यातून गेलंय का?

रात्रपाळी:
मी गेलेय, अगदी याच रस्त्याने. वयाने मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहितेय. मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, नऊ वर्षं रात्रपाळी केली. एकोणतिसाव्या वर्षी माझा चेहरा आणि पोट दोन्ही तुझ्यासारखंच होतं, आणि चहाही सोनामुखीचाच होता. पाच महिने घेतला.

आधी त्या वाक्याबद्दल बोलते, कारण माझं वर्ष त्या वाक्याने खाल्लं. आतड्यात मळ साठला की त्यातलं विष रक्तात जातं, हे शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे डॉक्टरही मानत. लंडनमधले सर विल्यम आर्बथनॉट लेन हे नावाजलेले शल्यचिकित्सक तर या समजुतीपायी बद्धकोष्ठतेच्या रोग्यांचं मोठं आतडंच काढून टाकत. १९१९ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी साधा मुद्दा मांडला: पोट साफ नसताना डोकं जड होतं, मरगळ येते, पण शौचाला जाऊन आलं की काही मिनिटांत हलकं वाटतं. रक्तात विष भिनलं असतं तर ते मिनिटांत उतरलं असतं का? पुढच्या काही वर्षांत निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला गेला. त्यांनाही तशाच तक्रारी झाल्या. म्हणजे ती मरगळ गुदाशय ताणल्याची होती. रक्तातला कचरा बाजूला काढायला यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस बसलेली आहेत, ती चहाची वाट बघत नाहीत.

आता तुझा चहा. सोनामुखी मोठ्या आतड्याला चेतवून आकुंचन पावायला लावते, म्हणून मुरडा. अधूनमधून घ्यायला ते औषध ठीक आहे, पण रोज घेतल्यावर काय होतं बघ: एका रात्रीत आतडं पूर्ण रिकामं होतं. पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. त्या दोन-तीन दिवसांत काही झालं नाही की आपण घाबरतो आणि परत चहा घेतो. मी असंच पाच महिने केलं. थांबवल्यावर पहिले चार दिवस काहीच झालं नाही, मी रडकुंडीला आले. डॉक्टरांनी मधल्या काळापुरती पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, चेतवत नाही. पाचव्या दिवशी, मुरडा न येता, पोट साफ झालं. तू चहा बंद केलास तर हे चार दिवस धरून चाल.

मग हळूहळू जे केलं ते असं. रोज संध्याकाळी एक चमचा इसबगोल, मोठ्या ग्लासभर पाण्यात, आणि वर आणखी एक ग्लास. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट अडकून बसतं, हे मी अनुभवाने सांगते. दुसरी कुठली गोळी असेल तर तिच्यात आणि यात दोन तासांचं अंतर ठेव. पहिल्या दहा दिवसांत गॅस वाढला, म्हणून मात्रा वाढवायला घाई केली नाही. तीन आठवड्यांनी दोन चमचे केले. जेवणात डाळी-कडधान्यं आणि सालासकट फळं वाढवली. मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू लागतात. मी मोजले तेव्हा माझे १२ च्या आसपास भरत होते. रस गाळून पिण्यात तंतू चोथ्यात जातात, तेव्हा तुझ्या त्या ग्लासाचा पोटाला उपयोग फारसा नाही. शिवाय कच्च्या पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. असे रस रोज मोठ्या प्रमाणात पिऊन मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तो आजच थांबव, पालक शिजवून खा.

इसबगोल नकोसं वाटलं तर किवी. २०२१ मध्ये बद्धकोष्ठतेच्या लोकांत रोज दोन किवी, १०० ग्रॅम प्रून (सुकवलेले आलुबुखार) आणि १२ ग्रॅम इसबगोल अशी चार आठवडे तुलना झाली होती. तिन्हींनी फायदा झाला, आणि किवीचा त्रास सगळ्यांत कमी लोकांना झाला.

पण माझ्या बाबतीत सगळ्यांत मोठा फरक कशाने पडला, तर कळ दाबणं सोडल्याने. रात्रपाळीत मी एकटी असायचे. मशीन चालू, नमुने येत असायचे, पहाटे पाचला कळ यायची आणि मी "हे एवढं झालं की जाते" म्हणायचे. अर्ध्या तासाने कळ निघून जायची. वर्षानुवर्षं असं केलं की गुदाशय ताण सोसायला शिकतो आणि सांगणं बंद करतो. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप जोरात हलतं. त्याच वेळेला, नाश्त्यानंतर वीस मिनिटांनी, मी रोज जाऊन बसायला लागले. कळ असो नसो, पाच-सात मिनिटं, फोन बाहेर ठेवून. पायाखाली वीतभर उंचीचा छोटा स्टूल. गुडघे कमरेच्या वर आले की गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. जोर करायचा नाही.

आणि वही. ब्रिस्टलच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मळाच्या स्वरूपाचे सात प्रकार ठरवले आहेत: १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी, ३ आणि ४ चांगले. मी रोज नुसता आकडा लिहायचे. पहिल्या पानावर १, १, २, आणि मध्ये चहाच्या दिवशी ६. सहाव्या आठवड्यात सलग ४ आले. लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना ती वही दाखवली तर दहा मिनिटांचे प्रश्न वाचतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दोन महिन्यांत माझं पोट सुधारलं आणि चेहरा जसाच्या तसा राहिला. एक मुरूम कमी नाही. "आधी पोट, मग चेहरा" म्हणत मी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणं एक वर्ष पुढे ढकललं होतं. डाव्या गालावर चार खड्डे आहेत, ते त्या वर्षाचे आहेत. ते आता भरून येणार नाहीत. तुझ्या "क्रीम लावायची इच्छा नाही" या वाक्यावर माझी नजर अडकली, म्हणून एवढं मोठं लिहितेय.

मुरूम होतो तो त्वचेच्या छिद्रात: तेल जास्त, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच, आत जिवाणू वाढतात, सूज येते. तेल किती सुटायचं हे बरंचसं हार्मोन ठरवतात. त्यात आतड्यातल्या मळाचा भाग नाही. मला रात्री ॲडापलीन जेल दिलं, पूर्ण चेहऱ्याला मिळून मटारएवढं, आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड. (याने उशीचे अभ्रे, टॉवेल पांढरे पडतात, जुनेच वापर.) पहिले तीन-चार आठवडे कातडी सुकली, चेहरा आधीपेक्षा वाईट दिसला, बाराव्या आठवड्यात नवीन मुरूम येणं जवळपास थांबलं. आज दिसणाऱ्या मुरुमाचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसलेलं असतं, त्यामुळे १२ आठवड्यांच्या आत कशाचाच निकाल लावू नकोस, घरगुती उपायाचाही नाही. गरोदरपणाचा विचार असेल तर ॲडापलीन घेऊ नये, ते डॉक्टरांना आधी सांग.

त्या डॉक्टरांनी मला विचारलं, "पावडरी, गोळ्या काय घेता?" मी व्हे आणि बी१२ दोन्ही घेत होते, तुझ्यासारखीच. बी१२ मुळे काही जणांत त्वचेवरचा मुरुमाचा जिवाणू वेगळा वागायला लागतो, हे २०१५ च्या एका अभ्यासात तपासलेलं आहे. तुझी बी१२ कमी असल्याचं रक्ततपासणीत निघालं होतं का? निघालं असेल तर गोळी मनाने बंद करू नकोस. नुसती केसांसाठी असेल तर सोड.

खाण्याचा चेहऱ्याशी संबंध आहे. पण तो पोट साफ होण्यातून जात नाही, इन्शुलिनमधून जातो. साखर, मैदा, गोड पेयं यांनी रक्तातली साखर झपकन चढते, इन्शुलिन चढतं, त्याच्यामागे तेलग्रंथींना हुकूम देणारी हार्मोन्स वाढतात. २००७ साली ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांना १२ आठवडे पाहिलं. साखर हळू चढवणारं जेवण घेणाऱ्यांचे मुरूम सरासरी २४ ने कमी झाले, नेहमीचं जेवण घेणाऱ्यांचे १२ ने. बघ, नेहमीचं जेवणाऱ्यांचेही कमी झाले. मुरूम आपोआपही वरखाली होतात, म्हणून तर प्रत्येकाला आपला उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. दुधाबद्दल २००५ चा एक मोठा अभ्यास आहे, ४७ हजारांवर परिचारिकांना त्यांच्या शाळेच्या वयातलं खाणं आठवायला लावलेला. त्यात साय काढलेल्या दुधाचा संबंध जास्त दिसला. तेव्हा दूध कमी करून पाहायला हरकत नाही, पण तिन्ही गोष्टी एकदम बंद केल्यास तर कशाने काय झालं ते तुला कधीच कळणार नाही. मी केलं होतं ते. सहा किलो वजन गेलं, केस आणखी गळले.

लिंबू आजच्या आज थांबव. त्वचा मुळात सौम्य आम्लधर्मी असते, लिंबाचा रस तिच्या शेकडो पट आम्ल. वर ऊन लागलं की काळे चट्टे उमटतात ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

शौचात रक्त, न ठरवता घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट यांतलं काही असेल तर इथलं काहीही वाचत बसू नकोस, सरळ डॉक्टरांकडे जा.

कोवळं ऊन:
रात्रपाळी यांनी लिहिलं ते पटलं, पण पोटाचा आणि त्वचेचा खरोखरच थेट संबंध असलेला एक आजार आहे आणि तो मला आहे, म्हणून लिहितो.

दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि बसायच्या जागेवर बारीक पाण्याचे फोड, दोन्ही बाजूंना सारखेच. खाज अशी की फोड शाबूत दिसायचेच नाहीत, खाजवून फुटलेले. तीन वर्षं खरजेची मलमं आणि इसबाची मलमं लावली, घरातल्या सगळ्यांचे कपडे उकळले. शेवटी एका डॉक्टरांनी फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. डरमॅटायटिस हरपेटिफॉर्मिस निघाला. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराचाच हा कातडीवरचा चेहरा. गंमत म्हणजे पोटाची तक्रार मला जवळजवळ नव्हती, थोडं फुगायचं तेवढंच.

डॅप्सोन नावाच्या गोळीने खाज काही दिवसांतच गेली. पण आतडं त्या गोळीने सुधारत नाही, त्यासाठी गहू, जव, राय (गव्हासारखंच एक धान्य) कायमचे बंद. नुसत्या पथ्यावर राहून गोळी सुटायला मला दीड वर्ष लागलं.

पारिजात, तुमचे मुरूम या आजारातले वाटत नाहीत. पण पोट फुगतं म्हणता, म्हणून सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्यायला हरकत नाही. आणि एक महत्त्वाचं: तपासणीआधी गहू बंद केला तर रिपोर्ट खोटाच चांगला येतो. बंद करायचाच असेल तर तपासणीनंतर.

रात्रपाळी:
हे सांगितलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे टीटीजीचा, म्हणजे सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीचा, नमुना द्यायला येणाऱ्यांत सहा महिने आधीच गहू सोडलेले लोक असतात. पुन्हा काही आठवडे रोज गहू खाऊन या म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. पारिजात, तुझा एकच आठवडा झालाय. उद्यापासून गहू परत सुरू कर आणि डॉक्टरांना विचारून तपासणी करून घे.

शांत पाणी:
मला वाटतं पोट आणि त्वचेचा संबंध इतकाही तोडू नये. १९३० साली स्टोक्स आणि पिल्सबरी या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनीच मांडलं होतं की मनावरचा ताण आतड्यातले जिवाणू बदलतो आणि त्यातून कातडीला सूज येते. माझ्या चेहऱ्यावर परीक्षेच्या महिन्यात हमखास फोड येत, आणि त्याच महिन्यात पोटही बिघडे. मी दही सुरू केलं, झोप सुधारली, फरक पडला.

रात्रपाळी:
तोडत नाही. ताण दोघांनाही एकाच वेळी बिघडवतो, म्हणून तर ती जोडी दिसते. रोजेशिया (चेहरा लाल होऊन पुटकुळ्या येणारा त्वचेचा आजार) असलेल्या काही लोकांत लहान आतड्यात जिवाणू जास्त वाढलेले सापडले आणि त्यावर उपचार केल्यावर चेहरा निवळला, हेही खरं आहे. दही खावं, झोपावं. माझं म्हणणं एवढंच की तेवढ्यासाठी चेहऱ्याचा उपचार थांबवू नये.

पारिजात:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळीताई, ते गालावरच्या खड्ड्यांचं वाचून दोन दिवस तेच डोक्यात होतं. बी१२ कधी तपासलंच नव्हतं, मैत्रिणीने सांगितलं म्हणून घेत होते. लाल रंगाचं रक्त महिन्यातून एकदा कागदाला लागतं, जोर केल्यावर. ते सांगायला लाजत होते.

रात्रपाळी:
कागदाला लागणारं लाल रक्त पुष्कळदा जोर केल्याने पडलेल्या चिरेचं किंवा मूळव्याधीचं असतं, पण हे मी किंवा तू ठरवायचं नाही. या आठवड्यात दाखव. सोबत "काहीतरी राहिलंय" ही तक्रार नीट सांग. काही जणींत जोर करताना खालचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. तसं असेल तर कितीही इसबगोल घेऊन उपयोग होत नाही, स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी लागते.

पारिजात (अकरा आठवड्यांनंतर):
ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना कळवायला हवं म्हणून परत आले.

रक्त चिरेचं होतं, मलमाने आणि कडकपणा गेल्यावर तीन आठवड्यांत थांबलं. सीलिअ‍ॅकची तपासणी गहू खात असतानाच केली, काही निघालं नाही. बी१२ भरपूर निघालं, गोळी बंद. चहा सोडल्यावर पाच दिवस कोरडे गेले, तुमचे चार होते हे रोज आठवत होते. वहीत पहिल्या आठवड्यात २, २, १. आता बहुतेक दिवशी ३ किंवा ४. फुगणं संध्याकाळी अजून होतं, पण कपडे काचत नाहीत.

चेहरा: त्वचेच्या डॉक्टरांनी तेच जेल दिलं. चौथ्या आठवड्यात आरशात बघवत नव्हतं, सोडणारच होते. नवव्या आठवड्यापासून हनुवटीवर नवीन काही नाही, जबड्याच्या कडेला दोन आहेत. डाग आहेत, सनस्क्रीन रोज लावते. व्हे बंद केलं. दूध परत सुरू करून तीन आठवडे झाले, काही फरक दिसला नाही, म्हणून ठेवलंय.

एक विचारायचं होतं. वही अजून किती दिवस लिहू?

रात्रपाळी:
आता थांबवलीस तरी चालेल. जेल मात्र चेहरा साफ दिसला म्हणून मनाने बंद करू नकोस, मी केलं होतं आणि दोन महिन्यांत परत सुरुवातीला आले. किती दिवस आणि आठवड्यातून किती वेळा लावायचं ते पुढच्या भेटीत विचारून घे.